स्क्रिप्ट रात्री मध्येच गप्प होते आणि एररही देत नाही : वेब रिक्वेस्टबद्दल मदत हवी

रातकिडा
नमस्कार मंडळी,
पायथनमधली एक स्क्रिप्ट रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) सुटते. काम साधंच आहे. आमच्या डेटाबेसमधून ऑर्डरचे आयडी उचलायचे, प्रत्येकासाठी बाहेरच्या एका एपीआयला (प्रोग्रामांच्या विनंत्यांना उत्तर देणारी सेवा) गेट मारून सद्यस्थिती आणायची, आणि काही बदल झालेला असला तर तिसऱ्याच एका सिस्टीमला पोस्ट करून कळवायचं. वेब विनंत्यांसाठी पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरली आहे.

बहुतेक रात्री सगळं सुरळीत होतं. पण अधूनमधून सकाळी येऊन बघावं तर स्क्रिप्ट अजून चालूच! प्रोसेस जिवंत, सीपीयू शून्य, आणि लॉगची शेवटची ओळ "अमुक आयडीसाठी विनंती पाठवली". त्यापुढे काहीच नाही. मारून परत सुरू केली की त्याच आयडीवरून गुमान पुढे जाते.

सगळा भाग ट्राय-एक्सेप्टमध्ये आहे, एक्सेप्टमध्ये लॉगही आहे, पण तिथे काही येतच नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भोचक
नेटवर्क गेलं असणार. रात्रीच्या वेळी आयटीवाल्यांची खुडबुड चालू असते.

रातकिडा
@भोचक, नेटवर्क गेलं तर एरर यायला नको का? माझा प्रश्न तोच आहे.

अर्धविराम
नाही येणार, आणि खरी गोम तिथेच आहे.

गेटला टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबायचं ती मर्यादा, दिलेला नसणार तुम्ही. रिक्वेस्ट्समध्ये तो दिला नाही तर लायब्ररी उत्तराची वाट बघत बसते. किती वेळ? प्रोसेस मरेपर्यंत. त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रॉडक्शनमधल्या जवळजवळ प्रत्येक विनंतीला टाइमआउट द्यावा. पण पहिल्या पानावरच्या उदाहरणात तो नसतो, आणि आपण सगळे पहिल्या पानावरूनच उचलतो.

आता एरर का येत नाही ते. समोरून तसं सांगणारं पॅकेट आलं तरच टीसीपी कनेक्शन तुटल्याचं आपल्याला कळतं. सर्व्हरने नीट दार लावलं तर फिन नावाचं पॅकेट येतं, आदळून लावलं तर रीसेट येतं. पण मधल्या फायरवॉलने किंवा नॅटने (अनेक मशीनांना एका पत्त्यामागे ठेवणारी व्यवस्था) आपल्या तक्त्यातून तुमची जोडणी गुपचूप पुसली, किंवा समोरचं मशीनच बसलं, तर कोणीच काही पाठवत नाही. तुमची विनंती आधीच पोचलेली, तिची पोचही मिळालेली. तुमच्याकडून पाठवायचं काही उरलेलं नसतं, त्यामुळे रीट्रान्समिशनही होत नाही. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) लेखी कनेक्शन ठणठणीत आहे, फक्त समोरचा अजून बोललेला नाही. काही घडलंच नाही तर एक्सेप्शन कशाचं येणार?

टीसीपी कीपअलाइव्ह नावाची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. लिनक्सवर नुसती चालू केली तर पहिली चाचपणी ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे २ तासांनी. रात्र अशीच सरायची.

पुढच्या वेळी स्क्रिप्ट अडकली की लगेच मारू नका. आधी एसएस कमांडने त्या प्रोसेसची कनेक्शनं बघा. मग पाय-स्पाय नावाचं टूल आहे, त्याला डंप सांगून प्रोसेसचा आयडी दिला की चालत्या प्रोसेसचा स्टॅक दिसतो. ती नेमकी कुठल्या ओळीवर बसलीय ते तिथे कळेल.

मोरपीस
+१
टाइमआउटला एकाऐवजी दोन आकडे देता येतात, हेही सांगून टाका.

अर्धविराम
हो, ते राहिलंच. जोडी द्यायची: पहिला आकडा कनेक्टचा, दुसरा रीडचा. फोन लावण्यासारखंच आहे. रिंग किती वेळ वाजू द्यायची हे वेगळं, आणि उचलल्यावर समोरचा गप्प राहिला तर किती वेळ "हॅलो हॅलो" करायचं हे वेगळं. एकच आकडा दिला तर तोच दोन्हींना लागू होतो.

डॉक्युमेंटेशनमध्ये कनेक्टसाठी ३.०५ असा विचित्र आकडा दिसेल. ३ च्या पटीपेक्षा किंचित जास्त ठेवा, असं ते म्हणतात. कारण जोडणीचं पहिलंच पॅकेट हरवलं तर लिनक्स (६.५ च्या आधीचं कर्नल असेल तर) ते १ सेकंदाने परत पाठवतं, मग आणखी २ सेकंदांनी. म्हणजे तिसरा प्रयत्न बरोबर तिसऱ्या सेकंदाला निघतो, आणि ३.०५ मध्ये त्याला उत्तर यायला जेमतेम ५० मिलिसेकंद उरतात. सर्व्हर दुसऱ्या खंडात असेल तर तेवढ्याने भागत नाही. मी सरळ ५ देतो. रीडला मात्र ठरलेला आकडा नाही. समोरच्या एपीआयला एरवी किती वेळ लागतो ते लॉगमध्ये बघा आणि त्याच्या वर ऐसपैस ठेवा.

रातकिडा
काल परत अडकली, आणि यावेळी मारण्याआधी सगळं बघून घेतलं. एसएसमध्ये कनेक्शन "एस्टॅब्लिश्ड" दिसतंय, दोन्हीकडच्या रांगा शून्य. पाय-स्पायमध्ये सगळ्यात वर एसएसएलचं (सुरक्षित जोडणीचं) रीड, त्याखाली सॉकेटचं रीडइन्टू, आणि सगळ्यात खाली माझी गेटची ओळ. @अर्धविराम, अगदी तुम्ही म्हणालात तसंच निघालं. कनेक्टला ५ आणि रीडला ३० दिले आहेत.

म्हणजे आता कुठलीही विनंती ३५ सेकंदांत संपेलच, असं धरून चालू ना?

खटाटोप
नाही! इथे भलेभले फसतात. रीड टाइमआउट म्हणजे एकूण वेळ नव्हे. सॉकेटवर दोन वाचनांच्या मधे जास्तीत जास्त किती शांतता चालेल, एवढंच तो सांगतो. सर्व्हर दर २० सेकंदांना एकेक बाइट टाकत राहिला तर तुमचा ३० चा टाइमआउट कधीच वाजणार नाही आणि विनंती तासन्‌तास चालेल. मोठी फाइल उतरवताना हेच वागणं सोयीचं ठरतं, पण तुमच्यासारख्या कामात एकूण मर्यादाही लागते. रिक्वेस्ट्समध्ये ती थेट नाही. स्ट्रीम चालू करून तुकड्यातुकड्याने वाचायचं आणि दर तुकड्याला घड्याळ बघायचं, किंवा अख्ख्या कामालाच बाहेरून मर्यादा घालायची. लिनक्सवर क्रॉनच्या ओळीत टाइमआउट कमांड लावली की निदान सकाळी प्रोसेस लोंबकळत राहिलेली सापडत नाही.

शिवाय प्रत्येक लायब्ररीची तऱ्हा निराळी. एचटीटीपीएक्स काही न सांगता ५ सेकंदांचा टाइमआउट लावते, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं. एआयओएचटीटीपी एकूण ३०० सेकंद देते. डॉटनेटचा एचटीटीपी क्लायंट १०० सेकंद थांबतो. जावा-कोटलिनवाल्यांच्या ओके-एचटीटीपीत कनेक्ट, रीड, राइट प्रत्येकी १० सेकंद. आणि गो, जिथे सगळं काटेकोर असतं म्हणतात, तिथे डिफॉल्ट क्लायंटला टाइमआउटच नाही! गोमध्ये क्लायंटवर टाइमआउट ठेवला तर तो मात्र खरोखर एकूण असतो, बॉडी वाचण्यासकट. ॲक्सिओसमध्ये डिफॉल्ट शून्य, आणि तिथे शून्य म्हणजे मर्यादा नाही.

लायब्ररी बदलली की हे आकडे आधी बघायचे. नाव एकच असलं तरी अर्थ एकच असेलसं नाही.

उंटावरचा_शहाणा
एवढा खटाटोप (आयडीवाले खटाटोप नव्हेत) कशाला? सरळ सबप्रोसेसमधून कर्ल चालवा. पंचवीसेक वर्षं जगभर चालतंय, कोणाची तक्रार नाही.

अर्धविराम
शहाणेबुवा, कर्लला तरी एकूण वेळेची मर्यादा आपसूक कुठे असते? मॅक्स-टाइम द्यावाच लागतो. कनेक्टची डिफॉल्ट मर्यादा ३०० सेकंद आहे. म्हणजे तिकडे गेलं तरी प्रश्न तोच. आणि दर विनंतीला नवी प्रोसेस, नवं कनेक्शन, नवा टीएलएस हँडशेक (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची बोलणी). वर उत्तर स्ट्रिंग म्हणून हातात, स्टेटस कोड वेगळा उकरून काढायचा. कर्ल उत्तमच आहे, मी रोज वापरतो, पण हाताने एखादी विनंती तपासायला. डॅनियल स्टेनबर्गने १९९८ मध्ये कर्ल या नावाने ते आणलं आणि २००० मध्ये लिबकर्ल काढलं ते नेमकं यासाठीच, की प्रोग्रामांनी कमांड न चालवता लायब्ररी म्हणून ते वापरावं.

उंटावरचा_शहाणा
बरं बरं. उंट बसवला.

भोचक
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रातकिडा
मंडळी, स्क्रिप्ट आता लटकत नाही, टाइमआउटचं एक्सेप्शन नीट येतं. ते आलं की पाच वेळा परत प्रयत्न करायचा असा लूपही टाकला. पण आता नवीनच प्रकार. ज्या सिस्टीमला पोस्ट करतो तिथे काही नोंदी दोनदा, एक तर तीनदा पडली आहे. तिकडच्या टीमचं म्हणणं, "आम्हाला तुमच्याकडून तीन विनंत्या आल्या, आम्ही तीन नोंदी केल्या." माझ्या लॉगमध्ये मात्र पहिल्या दोन फसलेल्या आणि तिसरी यशस्वी. खरं कोणाचं?

मोरपीस
दोघांचंही. मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणजे एपीआय पुरवणाऱ्या बाजूला, आणि हे भांडण आमच्याकडे नेहमीचं आहे.

रीड टाइमआउट झाला याचा अर्थ "काम झालं नाही" असा नसतो, "काय झालं ते मला माहीत नाही" एवढाच असतो. विनंती पोचलीच नसेल. पोचली असेल पण काम अर्धवट असेल. किंवा काम पूर्ण होऊन उत्तर वाटेत हरवलं असेल, किंवा तुमच्या तिसाव्या सेकंदानंतर एकतिसाव्याला निघालं असेल. तुमच्या बाजूने तिन्ही अगदी सारखेच दिसतात. तुमचा क्लायंट सॉकेट बंद करून निघून गेला तरी आमचा सर्व्हर हातातलं काम सोडतोच असं नाही. बहुतेक वेळा पूर्ण करतो आणि उत्तर द्यायला जातो तेव्हा त्याला कळतं की पलीकडे कोणी नाही.

म्हणून कुठली विनंती परत पाठवायची हे तिच्या प्रकारावर ठरतं. एचटीटीपीच्या प्रमाणग्रंथात, म्हणजे २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये, गेट, हेड, पुट, डिलीट हे आयडेम्पोटंट धरले आहेत: एकदा केलं काय, चारदा केलं काय, सर्व्हरवरचा परिणाम एकच अपेक्षित. पोस्ट त्यात नाही. पॅचही नाही. तुमचा लूप दोघांना एकाच काठीने हाकतोय.

आता उपाय. समोरचा एपीआय आयडेम्पोटन्सी-की घेतो का ते विचारा. पैशांचे व्यवहार करणारे बरेच एपीआय घेतात, स्ट्राइपचा तर यासाठीच प्रसिद्ध आहे. तुम्ही प्रत्येक कामाला एक अनन्य किल्ली बनवून हेडरमध्ये पाठवायची. तीच किल्ली परत आली की सर्व्हर नवीन नोंद न करता जुनंच उत्तर देतो. यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. किल्ली लूपच्या बाहेर बनवा, आणि पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये लिहून ठेवा. लूपच्या आत दर खेपेला नवा यूयूआयडी (अनन्य क्रमांक) बनवून "आम्ही किल्ली पाठवतो, तरी डुप्लिकेट होतं" अशी तक्रार करणारे आमच्याकडे नियमित येतात. आणि प्रोसेसच मधे मेली तर पुन्हा सुरू झाल्यावर तीच किल्ली सापडायला हवी, म्हणून डेटाबेस.

तशी सोय नसेल तर परत पोस्ट करण्याआधी गेट करून "माझ्या या संदर्भक्रमांकाची नोंद आहे का" असं विचारा. पोकळी पूर्ण बुजत नाही, पण बरीच कमी होते. तिकडच्या टीमशी तुमचं बरं असेल तर संदर्भक्रमांकाच्या रकान्यावर युनिक इंडेक्स टाकायला सांगा. काम पाच मिनिटांचं असतं, परवानगीला वेळ लागतो.

खटाटोप
उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

त्यात भर. हा लूप हाताने लिहूच नका. रिक्वेस्ट्सच्या पोटात यूआरएललिब-३ आहे, तिच्यात रिट्राय नावाचा तयार क्लास आहे. सेशन बनवायचं, एचटीटीपी ॲडॅप्टरला रिट्राय द्यायचा, आणि तो ॲडॅप्टर सेशनवर माउंट करायचा. गंमत अशी की मोरपीस यांनी सांगितलेलं शहाणपण त्यात आधीच भरलेलं आहे. डिफॉल्ट यादीत गेट, हेड, पुट, डिलीट, ऑप्शन्स, ट्रेस आहेत, पोस्ट नाही. आणि जोडणीच झाली नाही, म्हणजे कनेक्ट टाइमआउट झाला, तर तो पोस्टसुद्धा परत करतो, कारण तेव्हा विनंती गेलेलीच नसते. रीडमध्ये फसलं तर पोस्टला हात लावत नाही. अगदी बरोबर भेद.

जुन्या लेखांमधून कोड उचलणार असाल तर सावध. पद्धतींच्या यादीच्या पॅरामीटरला पूर्वी मेथड-व्हाइटलिस्ट म्हणत, १.२६ पासून ॲलाउड-मेथड्स झालं, आणि आवृत्ती २ मध्ये जुनं नाव चालत नाही.

रातकिडा
@मोरपीस, @खटाटोप, मनापासून आभार. किल्ली घेतात ते! डॉक्युमेंटेशनच्या तळाशी एका ओळीत लिहिलेलं होतं. अजून एक: दोन प्रयत्नांच्या मधे किती थांबायचं?

मोरपीस
विचारलंत ते बरं झालं, आमच्या जिव्हाळ्याचा विषय.

लगेच परत मारू नका. सर्व्हर धापा टाकत असतो म्हणून तुम्हाला उत्तर मिळालेलं नसतं. त्यात हजार क्लायंटांनी त्याच क्षणी परत विचारलं की तो आडवाच होतो. दर खेपेला थांबणं दुप्पट करत न्या: १, २, ४, ८ सेकंद. आणि त्यात थोडं रँडम मिसळा, ज्याला जिटर म्हणतात. नाहीतर एकाच वेळी फसलेले सगळे क्लायंट एकाच तालात परत येतात. रात्री बरोबर बाराच्या ठोक्याला आमच्या आलेखात एक सुळका उगवतो. सगळ्या जगाचे क्रॉन शून्य मिनिटाला लावलेले असतात. तुमचा १२ वाजून १७ मिनिटांना लावा, तुमचंच काम लवकर होईल.

४२९ (फार विनंत्या झाल्या) हा स्टेटस कोड आला तर ते फक्त "जरा दमानं" असं सांगणं आहे. सोबत बहुतेक वेळा रिट्राय-आफ्टर हेडर असतं, कधी सेकंदांत, कधी तारीख-वेळेच्या रूपात. ते पाळा. यूआरएललिब-३ चा रिट्राय ते आपणहून पाळतो. ५०२, ५०३, ५०४ हे सर्व्हरकडचे घोटाळे, त्यांना परत विचारणं ठीक. ४००, ४०१, ४०४, ४२२ म्हणजे विनंतीतच खोट, शंभर वेळा विचारलंत तरी उत्तर तेच.

आणि कृपा करून रिट्राय एकाच थरात ठेवा. लायब्ररीत ३ प्रयत्न, त्यावर तुमच्या फंक्शनमध्ये ३, त्यावर जॉब चालवणाऱ्या व्यवस्थेत ३, की एका विनंतीच्या २७ होतात, आणि कोणत्याही एका ठिकाणचा कोड वाचून हे कोणाच्या लक्षात येत नाही.

भोचक
मधेच घुसतो. मी जावास्क्रिप्टवाला. फेचमध्ये (तिथली विनंती पाठवायची सोय) ४०४ आला तरी एररच्या कॅचमध्ये जातच नाही, यशाच्या देनमध्येच येतो. बग म्हणायचा का?

अर्धविराम
नाही, ठरवून केलंय तसं. फेचच्या दृष्टीने सर्व्हरशी बोलणं झालं, उत्तर मिळालं, विषय संपला. प्रॉमिस रिजेक्ट होतं ते नेटवर्कच फसलं किंवा आपणच अबॉर्ट केलं तर. उत्तराचं ओके बघणं आपल्यावर. ॲक्सिओस २०० ते २९९ च्या बाहेर काही आलं की स्वतःच एरर फेकतो, म्हणून तिकडून आलेली मंडळी गोंधळतात. रिक्वेस्ट्सही फेचसारखीच: ५०० आला तरी शांतपणे रिस्पॉन्स हातात देते, रेज-फॉर-स्टेटस आपण म्हणायचं.

यातला सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे २०० स्टेटस आणि आत लॉगिनचं एचटीएमएल पान. टोकन संपलेलं असतं, सर्व्हर सभ्यपणे लॉगिनकडे पाठवतो, लायब्ररी मुकाट मागे जाते, आणि तुम्हाला जेसन वाचताना "पहिल्याच अक्षराला घोटाळा" अशी एरर मिळते. अशी एरर दिसली की बॉडीची पहिली दोनशे अक्षरं छापा. नव्वद टक्के वेळा उत्तर डोळ्यांसमोर येतं. (टक्केवारी माझी, शास्त्रीय नाही.)

पानगळ
धागा वाचतेय, फार उपयोगी. माझी अडचण वेगळी आहे. एका पत्त्यावरून मराठी मजकूर उतरवते. ब्राउझरमध्ये नीट दिसतो, प्रोग्राममध्ये चिखल होतो. एकेका अक्षराच्या जागी तीन तीन चिन्हं येतात, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए सारखा सारखा दिसतो.

खटाटोप
ओळखला. तो ए दिसला की निदान झालंच. देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं, पहिला बाइट नेहमी एकच, दुसरा दोनांपैकी एक. ते बाइट कोणी आयएसओ-८८५९-१ (पश्चिम युरोपीय भाषांसाठीचं जुनं एन्कोडिंग) म्हणून वाचले की पहिल्याचा तो तिरक्या रेघेचा ए होतो आणि दुसऱ्याचं एक तर गोलसर चलनचिन्ह किंवा येनचं चिन्ह. बघा, तुमच्याकडे ए च्या पाठोपाठ हीच दोन आलटून पालटून असतील.

सर्व्हर कंटेंट-टाइप हेडरमध्ये नुसतं टेक्स्ट असल्याचं सांगतो, कॅरेक्टर सेट सांगत नाही, तेव्हा रिक्वेस्ट्स जुन्या नियमाला धरून आयएसओ-८८५९-१ गृहीत धरते. ब्राउझर एचटीएमएलच्या आतला मेटा टॅग बघतो, ही बघत नाही. टेक्स्ट वाचण्याआधी रिस्पॉन्सचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वतः ठेवा. किंवा टेक्स्टऐवजी कंटेंट घ्या, म्हणजे कच्चे बाइट मिळतात, आणि ते पार्सरला द्या. तो मेटा टॅग बघतो. जेसन असेल तर हा त्रास सहसा होत नाही, तिथे जेसन पद्धत यूटीएफ ओळखून घेते.

आधीच बिघडलेला मजकूर डेटाबेसात साठवला असेल तरी हताश होऊ नका. आयएसओ-८८५९-१ ने परत बाइट करायचे आणि यूटीएफ-८ ने वाचायचे. मधे कोणी "साफसफाई" केलेली नसेल तर सगळा मजकूर जसाच्या तसा परत येतो.

पानगळ
येनचं चिन्ह!! होय, अगदी तस्सं. एका ओळीत सुटलं. साठवलेलंही परत आलं. शतशः आभार.

उंटावरचा_शहाणा
माझ्याकडे एसएसएलची एरर येत होती, सर्टिफिकेट पडताळता येत नाही म्हणून. व्हेरिफाय फॉल्स केलं, विषय संपला. कोणाला उपयोग झाला तर.

मोरपीस
शहाणे, ते काढा आधी. त्यात टोकन पाठवत असाल तर मधे बसलेल्या कोणालाही ते आयतं मिळेल. टीएलएस असून नसल्यासारखं.

ब्राउझरमध्ये तोच पत्ता बिनतक्रार उघडतो का? उघडत असेल तर बहुधा सर्व्हरने मधलं, म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट पाठवलेलं नाही. ब्राउझर ते इकडून तिकडून मिळवून साखळी जुळवतो, पायथन तसं करत नाही. दुरुस्ती सर्व्हरवाल्याने करायची, त्याला कळवा. तोवर मधलं सर्टिफिकेट आणि त्याचं रूट सर्टिफिकेट एका फाइलमध्ये घालून व्हेरिफायला फॉल्सऐवजी त्या फाइलचा मार्ग द्या. आणि ऑफिसातला प्रॉक्सी टीएलएस उघडून बघत असेल तर आयटीकडून त्यांचं रूट सर्टिफिकेट मागून घ्या, उपाय तोच.

उंटावरचा_शहाणा
ऑफिसचा प्रॉक्सीच निघाला. फाइल मिळाली, चाललं. आज फारच शिकवणी झाली.

रातकिडा
सेशनबद्दल विचारायचं राहिलं. @खटाटोप म्हणाले म्हणून सेशन लावलं आणि स्क्रिप्ट निम्म्याहून कमी वेळात आटोपायला लागली. इतका फरक कसा?

अर्धविराम
आधी प्रत्येक गेट नवीन कनेक्शन उघडत होतं. टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.२ असेल तर आणखी दोन, १.३ असेल तर एक, आणि मग कुठे तुमची विनंती. एका फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील तर १.३ वरही २०० मिलिसेकंद नुसत्या ओळखपाळखीत. सेशन कनेक्शन उघडं ठेवतं, ते सगळं एकदाच.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उघडं ठेवलेलं कनेक्शन सर्व्हर त्याच्या मर्जीने बंद करतो. नोडचा सर्व्हर तर काही न सांगता ५ सेकंदांच्या निवांतपणानंतर करतो. नेमकं त्याच क्षणी तुम्ही त्यावरून विनंती सोडलीत तर "समोरच्याने उत्तर न देता कनेक्शन बंद केलं" अशी एरर येते. कधीतरीच येते, टेस्टमध्ये कधीच येत नाही. गेटला रिट्राय त्यासाठीही हवाच. दुसरं म्हणजे सेशन कुकीही सांभाळतं. एकच सेशन दोन वेगळ्या युजरांच्या नावाने वापरलं तर एकाची कुकी दुसऱ्याच्या विनंतीत जाईल. थ्रेड वापरणार असाल तर प्रत्येकाला वेगळं सेशन द्या.

खटाटोप
डॉटनेटवाल्यांचं याच्या उलट. तिथे दर विनंतीला एचटीटीपी क्लायंट बनवून यूजिंगमध्ये (काम झालं की वस्तू बंद करणारा ब्लॉक) गुंडाळायची सवय होती, कारण ती वस्तू डिस्पोज करायची असते असं सगळ्यांना शिकवलेलं. बंद केलेले सॉकेट टाइम-वेट अवस्थेत रेंगाळतात आणि गर्दीच्या वेळी पोर्टच संपतात.

रातकिडा
शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. परवापासून पोस्टला २०० येतंय, एरर नाही, डुप्लिकेट नाही, पण समोर नोंदच होत नाही! उत्तरात जुन्या नोंदींची यादी येते. तिकडच्या टीमने पत्ता बदलला, पण जुना पत्ता नव्याकडे वळवलाय म्हणाले.

मोरपीस
रिस्पॉन्सची हिस्टरी छापून बघा. आत ३०१ दिसेल.

रातकिडा
हो, ३०१ आहे. म्हणजे?

मोरपीस
३०१ किंवा ३०२ ला ("पत्ता बदललाय, तिकडे जा") बहुतेक क्लायंट पोस्टचं गेट करून नव्या पत्त्यावर जातात. ब्राउझरांनी पूर्वापार तसंच केलं, प्रमाणातही त्याला मुभा आहे, रिक्वेस्ट्सही तेच करते. बॉडी वाटेत गळते. नव्या पत्त्यावर गेट गेलं, गेटचा अर्थ तिथे "यादी द्या", म्हणून यादी आली, २०० सकट. त्यांनी ३०८ लावला असता तर पोस्ट पोस्टच राहिलं असतं.

तुम्ही नवा पत्ता थेट घाला, तोही अक्षरशः जसा दिलाय तसा. शेवटच्या तिरक्या रेघेच्या फरकानेही ३०१ येतो. पोस्टला रीडायरेक्ट बंद ठेवा आणि २०१ सोडून काहीही आलं तर लॉगमध्ये ओरडू द्या. तुमचा एपीआय नव्या नोंदीला २०१ देतो ना, ते मात्र आधी तपासा.

रातकिडा
२०१ च देतो. पत्ता बदलला, रीडायरेक्ट बंद केलं. राहिलेल्या नोंदी जुन्याच किल्ल्यांनी परत पाठवल्या, सगळ्या एकेकदाच पडल्या. क्रॉनही १२:१७ ला नेला.

भोचक
१२:१७ आता आम्ही सगळेच लावणार, म्हणजे तिथे नवा सुळका.

मोरपीस
😄 तुम्ही १२:४३ घ्या.